शब्दचर्चा: १२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या वाचायची कशी?

कुतूहल: नऊ एकांच्या संख्येचा (१११११११११) वर्ग म्हणजे १२३४५६७८९८७६५४३२१. सुलट वाचा की उलट, तीच! पण मोठ्याने वाचायला गेलं की 'एक कोटी तेवीस लाख पंचेचाळीस हजार सहाशे अठ्ठ्याहत्तर अब्ज' इथेच दम लागतो. अब्जाच्या वर मराठीत शब्दच नाहीत का?

पंतोजी: आहेत की, फक्त वापरातून गेले. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त कोटीनंतर दर स्थानाला वेगळं नाव आहे: अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. तुमची संख्या सतरा अंकी, म्हणून पहिला एक 'मध्य'स्थानी. वाचन असं: एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद, आठ कोटी. पुढचं तुम्हाला येतंच.

वऱ्हाडी: खर्व म्हणजे शंभर अब्ज ना? आमच्याकडे हिंदीतला 'खरब' तसाच ऐकतो.

पंतोजी: घोळ तिथेच आहे. हिंदीत अरबपासून शंभरपटीने चढतात: अरब, खरब, नील, पद्म, शंख. 'लीलावती'त दहापटीने. त्यामुळे हिंदी खरब आपल्या खर्वाच्या दहापट. हीच संख्या हिंदीत 'बारह पद्म चौंतीस नील छप्पन खरब...' अशी सुटसुटीत होते. बोलायला हिंदीची सोय जास्त, हे मान्य करायला हवं. आणि अब्जावर गेलात की कुठली पद्धत ते आधी सांगा, नाहीतर शून्यं हरवतात.

भटजीबुवा: पूजेच्या संकल्पात 'ब्रह्मणो द्वितीये परार्धे' म्हणतो, तो हाच परार्ध का?

पंतोजी: नाही. तो ब्रह्मदेवाच्या आयुष्याचा उत्तरार्ध. पुराणांच्या हिशेबाने अर्धं आयुष्य १५५५२ वर दहा शून्यं इतकी मानवी वर्षं, म्हणजे जेमतेम एक जलधी आणि वर काही. 'लीलावती'चा परार्ध एकावर सतरा शून्यं. यजुर्वेदातल्या यादीत तर परार्ध बाराच शून्यांवर थांबतो. शब्द तोच, मोजमाप तीन!

हिशेबनीस: संख्येबद्दलही बोला की. अंकांची बेरीज ८१, आणि ८१ने भाग जातो. भागाकार १५२४१५७८९९७१०४१, म्हणजे १२३४५६७९ चा वर्ग (आठ गायब, बघा). आपल्याच अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्येला देवळालीच्या द. रा. कापरेकर मास्तरांनी 'हर्षद' म्हटलं. १, १२१, १२३२१ ही माळही त्यांच्या आवडीची, 'डेम्लो संख्या'.

कुतूहल: मग दहा एकांचा वर्ग?

हिशेबनीस: मधे हातचा येतो आणि माळ तुटते: १२३४५६७९००९८७६५४३२१.

पंतोजी: एकोणीस अंक! म्हणजे 'बारा परार्ध तीन मध्य चार अंत्य...' परार्धाच्या वर नाव नसल्याने पहिले दोन अंक एकत्रच वाचावे लागतात.