डिस्चार्ज बुकात कारगिलची नोंदच नाही : ऑप विजय स्टार आणि वुंड मेडल आता मिळेल का?

वाळपईचा गनर

नमस्कार मंडळी. मी तोफखान्यातला, मीडियम रेजिमेंटचा. 1987 ला भरती, 2006 ला हवालदार म्हणून पेन्शन. घर सत्तरीत, वाळपईच्या आत. 1999 च्या उन्हाळ्यात आमच्या बोफोर्स द्रासला होत्या. डोंगराआड तोफ लपवून, न दिसणाऱ्या निशाणावर मारा करायचा, हे आमचं शिक्षण. तिथे मात्र तोलोलिंग, टायगर हिल नजरेसमोर. दिसणाऱ्या संगरांवर, म्हणजे दगड रचून केलेल्या मोर्चांवर, नळी थेट रोखून फायर केलं. पण आम्हाला ते दिसत होते तसे त्यांनाही आम्ही दिसत होतो, श्रीनगर-लेह रस्ता तर त्यांच्या तळहातावर. उत्तर यायला वेळ लागत नसे. तशाच एका उत्तरात डाव्या खांद्यात स्प्लिंटर, म्हणजे गोळ्याची कपची, घुसला. श्रीनगरला 92 बेस हॉस्पिटल, तिथून परत रेजिमेंटला. एक बारका तुकडा आत राहिलाय, एक्सरेत अजून चमकतो.

आता मुद्दा. पुढच्याच वर्षी माझी एनसीसीच्या युनिटला पोस्टिंग झाली. ऑप विजय, म्हणजे कारगिलची कारवाई. तिच्यासाठीचे ऑप विजय स्टार आणि ऑप विजय मेडल लढाईनंतर स्थापन झाले. रेजिमेंटने यादी केली तेव्हा मी त्यांच्या हजेरीवर नव्हतो, आणि एनसीसीवाल्यांना कारगिलशी काय देणंघेणं? दोन्हीकडून राहिलो. डिस्चार्ज बुकात, म्हणजे फौजेतून सुटताना मिळालेल्या सेवेच्या पुस्तिकेत, सैन्य सेवा मेडल आहे, 50 व्या स्वातंत्र्य वर्धापनाचं आहे, 9 वर्षांचं लाँग सर्व्हिस आहे. कारगिलचं एकही नाही. जखमेचं तर नावच नाही.

इतकी वर्षं मीही गप्प बसलो. यंदा गावच्या हायस्कुलाने 26 जुलैला, कारगिल विजय दिनाला, बोलावलंय आणि मुख्याध्यापिका बाईंनी मेडलं लावून या म्हणून सांगितलंय. एका ऑफिसात विचारलं तर उत्तर मिळालं, "काका, आता ह्या वयात कशाला?" वयाचा काय संबंध ते मला कळलं नाही. कोणाला माहीत असेल तर सांगा, अर्ज कुठे आणि कशाच्या आधारे करायचा?

वास्कोकर

गनर भाऊ, मी नेव्हीचा. सरळ सांगतो, छावणीजवळच्या दुकानात मेडलं, रिबन, अख्खा बार तयार मिळतो. तुम्ही तिथे होता हे देवाला ठाऊक. लावा आणि जा. शाळेत कोण डिस्चार्ज बुक तपासणार आहे? आणि ह्या मेडलांना एक पैसा मिळत नाही. महिन्याचा भत्ता फक्त वीरचक्र, सेना मेडल असल्या शौर्य पदकांना. कशाला कागदांच्या मागे धावता?

वाळपईचा गनर

भाऊ, पैशासाठी विचारलेलं नाही. सरकारने दिलेलं मेडल दुकानातून घेतलं तर एक वेळ चालेल, हरवतात माणसांची. पण जे माझ्या नावे लागलेलंच नाही ते मी लावणार नाही. आमच्या बॅटरीतली, म्हणजे रेजिमेंटमधल्या आमच्या तोफांच्या तुकडीतली, दोन मुलं तिथून परत आली नाहीत. त्यांच्या घरी जातो मी अजून.

डिचोलीचे हेडक्लार्क

हवालदार साहेब, राम राम. माझी सगळी नोकरी क्लार्क म्हणून गेली, सुभेदार होऊन उतरलो. पार्ट टू ऑर्डर, म्हणजे जवानाच्या बदली-भत्त्याच्या नोंदीचे युनिटचे आदेश, लिहून लिहून बोटं वाकडी झाली, म्हणून जरा लांब लिहितो.

पहिली गोष्ट, "मला मेडल द्या" असा अर्ज करू नका. "माझ्या सेवेची नोंद अपुरी आहे, ती दुरुस्त करा" असा करा. पहिल्या अर्जाला नाही म्हणणं सोपं असतं, दुसऱ्याला कागद उघडून बघावा लागतो.

दुसरी, स्टार आणि वुंड मेडल एका अर्जात घालू नका. स्टारला तुम्ही कोणत्या तारखांना कुठे होता एवढंच सिद्ध करायचं आहे. त्यासाठी शीट रोलची, म्हणजे तुमच्या सगळ्या सेवेच्या नोंदपत्राची, नक्कल मागा. फील्ड एरियाचा भत्ता ज्याच्या नावे लागला त्याची पार्ट टू ऑर्डर निघालेली असतेच. फौजेत माणूस विसरतील, पण ज्याच्यावर पैसा गेला तो कागद सहसा जात नाही.

वुंड मेडल, म्हणजे पराक्रम पदक, जरा कडक आहे. ते शत्रूच्या प्रत्यक्ष कारवाईत झालेल्या जखमेलाच मिळतं. जीप दरीत गेली, थंडीने बोटं झडली, त्याला नाही, मग ते दुःख कितीही मोठं असो. म्हणून सगळं अडतं ते एका शब्दावर : तुम्हाला बॅटल कॅज्युअल्टी (लढाईतला जखमी) दाखवलं की फिजिकल कॅज्युअल्टी (इतर कारणाने जखमी)? घाईत कोणी "फिजिकल" लिहिलं असेल तर आधी ते बदलून घ्यावं लागेल. 92 बेस हॉस्पिटलच्या डिस्चार्ज स्लिपवर जखमेचं कारण लिहिलेलं असेल, ती आहे का बघा. आणि तेव्हा घरी तार आली होती का? 1999 ला तारा जात होत्या. त्या तारेवरची तारीख आणि "जखमी" हा शब्द सोन्यासारखा आहे.

तुमचं रेकॉर्ड ऑफिस नाशिक रोडला, आर्टिलरी रेकॉर्ड्स. मडगावहून मंगला एक्सप्रेस थेट नाशिक रोडला थांबते हे खरं, पण आधी जाऊ नका. खिडकीवरचा माणूस उभ्या उभ्या ऑर्डर काढू शकत नाही. आर्मी नंबर, हुद्दा, तेव्हाची रेजिमेंट आणि बॅटरी, नंतरचं एनसीसी युनिट, सगळं लिहा. साक्षांकित प्रती जोडा आणि पणजीच्या सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवा. मूळ डिस्चार्ज बुक कोणाच्याही हाती देऊ नका, अगदी माझ्यासारख्याच्याही नाही. एक अर्ज जुन्या रेजिमेंटच्या सीओंना, म्हणजे कमांडिंग ऑफिसरना. त्यांच्याकडे वॉर डायरी, म्हणजे लढाईतली रोजची नोंदवही, असते, आणि रेजिमेंटने लिहून दिलं की रेकॉर्डवाल्यांचं काम निम्मं होतं. तेव्हाचे बॅटरी कमांडर हयात असतील तर त्यांचं पत्र घ्या, जोडीच्या गनर्सची प्रतिज्ञापत्रं त्यानंतर.

उत्तर आलं नाही तर माहिती अधिकार. दहा रुपये फी, तीस दिवसांची मुदत. त्यात "मेडल का नाही दिलं" असलं विचारू नका, "अमुक तारखेची पार्ट टू ऑर्डर आणि माझा शीट रोल यांची प्रत द्या" एवढंच मागा. लेखी नकार आला तर तो फाडून टाकू नका. गोव्याचे खटले सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे जातात आणि अंतिम नकारापासून सहा महिन्यांची मुदत असते. तो नकाराचा कागद हाच तिथला प्रवेश पास.

वास्कोकर, तुमचंही ऐकून ठेवतो. पैसा मेडलाला नाही, बरोबर. पण बॅटल कॅज्युअल्टी ह्या नोंदीला आहे. अपंगत्व ठरलं तर वॉर इंज्युरी पेन्शनचा दर साध्या डिसॅबिलिटी पेन्शनच्या दुप्पट आहे. हवालदार साहेबांचा मेडिकल बोर्ड काय म्हणतो मला ठाऊक नाही, म्हणून त्यात शिरत नाही.

पेडण्याची नात

हेडक्लार्क काका, मध्येच विचारते. माझे आजोबा सावंतवाडीकडचे, 2 पॅरा मराठात होते. 1961 च्या डिसेंबरात उसगावमार्गे फोंड्याला आलेल्या तुकडीत ते होते, आणि पुढे लग्न पेडण्यातच केलं, म्हणून आम्ही गोंयकार! त्यांचं जनरल सर्व्हिस मेडल आमच्याकडे आहे, वर "गोवा 1961" अशी पट्टी. कागद मात्र एकही उरला नाही, पुरात गेले. ते पेन्शनीत नव्हते, आधीच सुटून आले. त्यांची नोंद आता कुठे सापडेल?

डिचोलीचे हेडक्लार्क

बाय, मेडलाची कड भिंगाखाली धर. तिथे नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. पेन्शन नसलेल्यांची कागदपत्रं 25 वर्षांनी नष्ट करतात, त्यामुळे शीट रोलची आशा धरू नकोस. लाँग रोल, म्हणजे भरती झालेल्या सगळ्यांची नोंदवही, मात्र ठेवतात, आणि तो शोधायला नंबर लागतो. पॅराशूट रेजिमेंटचं रेकॉर्ड बंगळूरला, पण आजोबांची भरती मराठा लाइट इन्फंट्रीत झाली असेल तर बेळगावलाही लिही. दोन्हीकडे एकदमच पाठव. आणि ब्रासो लावून मेडल घासू नकोस, अक्षरं जातात.

वाळपईचा गनर

सुभेदार साहेब, उपकार झाले. तार आहे! आईच्या ट्रंकेत होती, बायकोने आज सकाळी काढली. इंग्रजीत आहे, घडीवर विरलीय, पण तारीख आणि "वुंडेड" दोन्ही वाचता येतात. हॉस्पिटलची स्लिपही सापडली, त्यात कारण "शेल स्प्लिंटर". बॅटरी कमांडर साहेब पुण्याला असतात, त्यांना फोन लावला. आवाज ओळखला त्यांनी. पत्र देतो म्हणाले, वर मलाच झापलं की इतकी वर्षं काय झोपला होतास.

26 जुलैला आहेत तीच मेडलं लावून जाईन, मुख्याध्यापिका बाईंना तसं कळवलंय. एकच शंका राहिली. अर्ज मराठीत लिहिला तर चालेल का? माझं इंग्रजी फायर ऑर्डरपुरतं.

डिचोलीचे हेडक्लार्क

नाशिकला मराठी वाचणारे पुष्कळ, पण फाइल पुढे दिल्लीला गेली तर अडेल. हिंदीत लिहा. नाहीतर रविवारी दुपारी डिचोलीला या, मी इंग्रजीत टाइप करून देतो. येताना तारेच्या आणि स्लिपच्या दोन-दोन झेरॉक्स घेऊन या, रविवारी इथलं दुकान बंद असतं.