ग्रॅम स्टेनिंगमध्ये (बॅक्टेरिया रंगवून जांभळे की गुलाबी ते बघायची पद्धत) अडकलेय, मदत हवी आहे
बीएस्सी फर्स्ट इयर, मायक्रोबायोलॉजी. दहावीपर्यंत मराठी मीडियम, त्यामुळे बेसिक कच्चंच आहे म्हणा ना. स्टेप्स तोंडपाठ आहेत, क्रिस्टल व्हायोलेट, मग आयोडीन, मग 95 टक्के अल्कोहोल, शेवटी सॅफ्रॅनिन, ग्रॅम नावाच्या शास्त्रज्ञाने 1884 मध्ये पद्धत छापली हेपण पेपरात लिहून येते, पण परवा प्रॅक्टिकलला दह्याचा स्मिअर (स्लाइडवर पातळ थर) केला, दह्यातले लॅक्टोबॅसिलस बॅक्टेरिया म्हणजे जांभळे दिसायला हवेत ना, माझे निम्मे गुलाबी! मॅडम म्हणाल्या अल्कोहोल जास्त वेळ सोडलंस, मैत्रीण म्हणते दही तीन दिवसांचं होतं, जुन्या पेशींची भिंत कमकुवत होते म्हणून रंग सुटतो. नक्की कशामुळे झालं असेल?

आणि मुळात बॅक्टेरियाच्या पेशीची भिंत ज्याची असते त्या पेप्टिडोग्लायकनची भिंत जाड असली की रंग आत अडकतो म्हणजे होतं काय, अल्कोहोलने भिंत आकसते, की आयोडीन आणि रंगाचा मोठा गोळा होतो म्हणून तो बाहेर पडत नाही, की दोन्ही? मी स्लाइड तिरकी धरून अल्कोहोल थेंब थेंब सोडते, पण कुठे थांबायचं तेच कळत नाही. शिवाय दह्यातल्या फॅटमुळे की काय, अर्धा स्मिअर नळाखाली वाहून जातो.

पुढच्या आठवड्यात इंटर्नल आहे. सोप्या मराठीत लिहून सांगा प्लीज, व्हिडिओची लिंक नको, हॉस्टेलला नेट चालत नाही.