हँडब्रेकचा खालचा ब्रॅकेट उपटलाय, सातारा, लवकर सांगा कुणीतरी

चढावरचा: हँडब्रेक पार वरपर्यंत येतो नि गाडी तरी घसरतेच. खाली टॉर्च मारून बघितलं तर केबल धरणारा ब्रॅकेट पत्र्यातून उपटून लोंबतोय. घर यवतेश्वर रोडला, दारात सपाट जागा नाही, रोज चाकाला दगड लावून वैताग आलाय. गॅरेजवाला म्हणतो आठवडाभर गाडी ठेवा. घरच्या घरी काय जमेल?

पानाकाका: गाडी कुठली, साल कुठलं, पेट्रोल का डिझेल? ब्रॅकेट फ्लोअरचा का मागच्या ॲक्सलवरचा? ज्योतिष बघून सांगू का?

सरळसाधा: केबल बदलून टाक. मी बदलली, एक नंबर झालं.

चढावरचा: केबल धड आहे हो. २०१२ची पेट्रोल गाडी, कंपनी सांगत नाही, नाहीतर इथं दुसरीच लढाई सुरू होईल. ब्रॅकेट फ्लोअरचा, मागच्या सीटखाली.

मिरजवाला: नवी केबल घालून ती धरायला काय हात देणार का सरळसाधा? केबलचं बाहेरचं कव्हर त्या ब्रॅकेटात अडकलेलं असतं म्हणून आतली तार ओढली जाते, ब्रॅकेटच सुटला तर कव्हरच सरकतंय, मागच्या चाकाच्या ड्रममधल्या लायनरपर्यंत (आतून दाबून चाक धरणाऱ्या ब्रेकच्या पट्ट्या) ओढ पोचणार कशी. भावा, पासिंग कुठलं आहे?

चढावरचा: एमएच १०. पासिंगचा काय संबंध?

मिरजवाला: सांगलीची गाडी. २०१९च्या महापुरात उभी होती का ते आधी बघ. कार्पेटखाली नि चेसीच्या पोकळीत गाळ राहतो, वरनं पॉलिश झकास आणि आतून पत्रा कुजतो. आमच्याकडं तेव्हा अशा किती गाड्या बाहेरगावी खपल्या.

नटबोल्ट_कऱ्हाड: एवढं कशाला. आतून कार्पेट उचल, वरनं जाड पट्टी टाक, ८ एमएमचे दोन बोल्ट आरपार मार, विषय संपला.

पानाकाका: कुजक्या पत्र्याला बोल्ट? एक जोराचा ओढा बसला की पट्टीसकट खाली येईल. कुजलेला भाग कापून चांगल्या पत्र्यापर्यंत जायचं, पॅच लावायचा, सीओटू वेल्डिंगनं, म्हणजे गॅस सोडत बारीक तारेनं करतात ते. साध्या आर्कवाल्याकडं नको, फ्लोअरचा पत्रा पातळ असतो, चाळण करून देईल.

नटबोल्ट_कऱ्हाड: काका, माझ्या ओम्नीला बोल्टच आहेत, अजून हललेले नाहीत.

पानाकाका: तुझी ओम्नी शेतात उभी असते. याची यवतेश्वरला.

कास_फॅन: यवतेश्वर म्हटलं की आठवलं, कासला फुलांच्या सीझनमध्ये शनिवार-रविवारी जाऊच नका, घाटात क्लच जळतो. आणि नवीन गाड्यांत बटणाचा हँडब्रेक येतो, एक्स्चेंज करून टाक की.

चढावरचा: एक्स्चेंजचे पैसे तुम्ही देताय का? कार्पेट उचललं आत्ता. स्क्रूड्रायव्हर टोचला तर ब्रॅकेटच्या भोवती बिस्किटासारखं तुटतंय, हातभर पुढं मात्र पत्रा टणक वाजतोय. उद्या ओळखीचा वेल्डर घरी येतोय, टाकी तिथनं वीतभरच आहे, ओलं पोतं टाकलं तर चालेल ना? सीएनजीची टाकी डिकीत आहे, तिचा काही त्रास नाही ना?

पानाकाका: सीएनजी आहे हे आत्ता सांगतोयस???

मिरजवाला: पोतंबितं काही नाही. पेट्रोलची टाकी खाली उतरवायची, सिलिंडर किटवाल्याकडनं काढून घ्यायचा, बॅटरीचं निगेटिव्ह काढायचं, मगच ठिणगी. आणि नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरू नको. गॅरेजवाला आठवडा म्हणतोय तो यासाठीच.

सरळसाधा: तोपर्यंत गिअरमध्ये लाव. तोंड चढाला असलं तर पहिला, उताराला असलं तर रिव्हर्स. आणि केबल पण बदलूनच घे.

चढावरचा: बरं, गॅरेजलाच टाकतो. वेल्डिंगनंतर काय लावायचं?

पानाकाका: घासून झिंक प्रायमर, वरनं अंडरबॉडी कोटिंग. केबल ताणायच्या आधी ड्रममधले लायनर ॲडजस्ट करायला सांग, सगळे उलटं करतात.

कास_फॅन: कोटिंगनं ॲव्हरेज कमी होतं का?