भूमिका वाढल्या, पण कथेतले निर्णय कुणाचे?

मूळ मत
मुख्य प्रवाहातील चित्रपटांत आता स्त्रिया पोलीस अधिकारी, वकील, शास्त्रज्ञ म्हणून दिसतात, त्यामुळे जुने साचे मोडले, असे अनेकजण मानतात. मला ते पटत नाही. पात्राचा व्यवसाय बदलला तरी कथेतले तिचे काम पुष्कळदा तेच राहते: नायकाला समजून घेणे, त्याची वाट पाहणे, किंवा स्वतःवर अत्याचार होऊन त्याच्या सूडाला कारण पुरवणे. पडद्यावरचा पहिला प्रवेशच पाहा. नायक काहीतरी करत येतो, कुणाला तरी वाचवतो किंवा नमवतो. नायिका येते तेव्हा कॅमेरा पावलांपासून वर सरकतो, कमरेवर रेंगाळतो, चेहरा सर्वांत शेवटी दाखवतो, आणि ती निष्णात सर्जन आहे हे आपल्याला पुढे कुणाच्या तरी संवादातून कळते. चित्रपट-अभ्यासक लॉरा मल्वी यांनी १९७५ मध्ये पुरुषी नजरेची, म्हणजे कॅमेरा स्त्रीला पुरुषाने पाहण्याची वस्तू करतो अशी, मांडणी केली, ती अशाच दृश्यांना आजही लागू पडते. बेक्डेल कसोटीही इतकेच विचारते, की दोन स्त्रिया एकमेकींशी पुरुष सोडून अन्य विषयावर बोलतात का, आणि कितीतरी चित्रपट तिथेच अडतात.

प्रतिसाद : असहमत
कॅमेऱ्याविषयीचे निरीक्षण योग्य आहे, पण कसोटीचा आधार कच्चा आहे. २०१३ चा ‘ग्रॅव्हिटी’ जवळजवळ पूर्णपणे एका अंतराळवीर स्त्रीच्या जगण्याच्या धडपडीवर उभा आहे, तरीही तो या कसोटीत नापास होतो. दिग्दर्शनाचे ऑस्कर मिळवणारी पहिली स्त्री, कॅथरिन बिगेलो, हिला २०१० मध्ये तो मान मिळाला तो बॉम्ब निकामी करणाऱ्या सैनिकांवरील, म्हणजे बहुतांशी पुरुषांच्याच चित्रपटासाठी. तिने स्त्रियांविषयीच बोलायला हवे होते, असे म्हणणे हाही एक साचाच नव्हे काय? शिवाय निर्मात्याचा पैसा पणाला लागलेला असतो, आणि प्रेक्षक ज्याला तिकीट काढतात तेच तो बनवणार.

मूळ लेखिकेचे उत्तर
बिगेलो यांच्याबद्दलचा मुद्दा मान्य. कसोटी एकेका चित्रपटाची प्रत ठरवण्यासाठी नाहीच. वर्षभरातले चित्रपट एकत्र ठेवले की पारडे कुठे झुकते, एवढेच तिच्यातून दिसते. प्रेक्षकांच्या आवडीचा युक्तिवाद मात्र मला मुळीच मान्य नाही. नायकप्रधान चित्रपट आपटला की पटकथा, प्रदर्शनाची तारीख किंवा दिग्दर्शक यांना दोष दिला जातो. स्त्रीप्रधान चित्रपट आपटला की ‘बाईच्या नावावर चित्रपट चालत नाही’ असा निष्कर्ष निघतो आणि पुढच्या दहाजणींच्या चित्रपटांचे पैसे आटतात. ज्याला पुरेशी संधीच मिळाली नाही, ते प्रेक्षकांनी नाकारले असे कसे म्हणता येईल?

प्रतिसाद : असहमत
यशापयशाचा हा दुटप्पी हिशेब मलाही खटकतो. परंतु त्यावर उपाय म्हणून जी ‘सक्षम’ नायिका घडवली जाते, तिला भीती वाटत नाही, मैत्रिणी नसतात, ती कधी चुकत नाही आणि दहा गुंडांना एकटी लोळवते. नायकाला व्यसनी, भित्रा, स्वार्थी असूनही प्रेक्षकांचे प्रेम मिळते. स्वार्थी आई किंवा अपयशी शास्त्रज्ञ स्त्री अशी मोकळेपणाने लिहिली जात नाही, तोवर मी अशा नायिकेला प्रगती म्हणणार नाही.

मूळ लेखिका
याच्याशी मी सहमत आहे, आणि अशी पात्रे लिहायची तर पटकथेच्या टेबलाभोवती अधिक स्त्रिया लागतील. त्याबद्दल आपण अजून काहीच बोललेला नाहीत.