मदत हवी आहे: गुडघ्याच्या शस्त्रक्रियेआधी आणि नंतर व्हिडिओ-सल्ल्यावर कितपत विसंबावे?

माझ्या आईच्या उजव्या गुडघ्याचा सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया कोल्हापुरात करायचे ठरले आहे. तिचे वय ६८ असून तिला मधुमेह आणि उच्च रक्तदाब आहे. ती देवगड तालुक्यातील आमच्या गावी मोठ्या भावाकडे राहते, मी पुण्यात असतो, आणि प्रत्येक तपासणीसाठी घाट चढून जाण्याचा प्रवास तिला सोसवत नाही. त्यामुळे शक्य तेवढा सल्ला व्हिडिओ कॉलवर देण्याची तयारी रुग्णालयाने दाखवली आहे.

शस्त्रक्रियेपूर्वीच्या भागाबद्दल मला फारशी शंका नाही. चालू औषधे, साखरेच्या नोंदी, रक्त पातळ करणारी गोळी कधी थांबवायची, हे कॉलवर ठरू शकते. भूलतज्ज्ञांनी मात्र तिला प्रत्यक्ष तपासलेच पाहिजे, आणि ती फेरी टाळण्याचा आमचा विचारही नाही.

खरी काळजी घरी परतल्यानंतरची आहे. टाके साधारण दोन आठवड्यांनी काढतात आणि तोवर जखमेचे फोटो पाठवा, असे आम्हाला सांगितले आहे. परंतु या शस्त्रक्रियेनंतर गुडघ्याला सूज आणि ऊब काही काळ असतेच. ती नेहमीची आहे की जंतुसंसर्गाची सुरुवात आहे, हे डॉक्टरांना फोटोवरून कितपत कळते? पोटरीत रक्ताची गुठळी झाल्याची शंका आली, तर डॉप्लर सोनोग्राफीच करावी लागते. म्हणून गावाजवळचा एखादा डॉक्टर आधीच जोडून घ्यावा, असे माझे मत झाले आहे. पण दुसऱ्या सर्जनने केलेल्या शस्त्रक्रियेची जखम पाहायला स्थानिक डॉक्टर सहसा तयार होतात का, आणि त्यांच्यासाठी सर्जनकडून कोणती कागदपत्रे घ्यावीत?

व्यायामाचाही प्रश्न आहे. गुडघा ९० अंशांपर्यंत वाकतो की नाही, हे कॅमेरा बाजूला ठेवून फिजिओथेरपिस्टला दाखवता येईल, पण आमच्याकडे मोबाईलला रेंज फक्त अंगणात मिळते आणि आई शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर व्यायाम करणार नाही. व्यायामाचे चित्रण करून नंतर पाठवलेले चालते का?

केंद्र सरकारच्या मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार, रुग्णाने अधिकार दिलेल्या काळजीवाहू व्यक्तीला त्याच्या वतीने सल्ला घेता येतो. पुण्याहून मी एकट्याने असा सल्ला घ्यावा, की भाऊ आणि आई समोर असतानाच कॉल करावा? रात्री ताप आला किंवा जखमेतून स्राव सुरू झाला, तर कोणाला फोन करायचा, हे ज्यांनी घरी सोडण्यापूर्वी लेखी मागून घेतले असेल, त्यांनी ते कोणाकडे आणि कसे मागितले, हेही कृपया सांगावे.