जाम मेन कॉकला पाना लावू नका
जाम झालेला मेन कॉक, म्हणजे घरात येणारं पाणी बंद करायचा मुख्य व्हॉल्व्ह, पाइप पान्याने जोर लावून फिरवायचा सल्ला काही जण देतात. कृपया तसं करू नका. चाक फिरवून बंद करायच्या गेट व्हॉल्व्हची आतली दांडी तुटते, मग चाक नुसतं फिरत राहतं आणि पाणी थांबत नाही. पुण्यात जिथे बोअरचं किंवा टँकरचं पाणी येतं तिथे आतल्या आट्यांवर क्षारांचा पांढरा थर बसतो आणि कॉक जाम होतो. हाताने पाव फेरा पुढे, पाव मागे, असं सैल करत जा. दांडीपाशी थेंब आले तर ग्लँड नट (दांडीभोवतीचा नट) जेमतेम अष्टमांश फेरा आवळा. आणि हो, कॉक एकच असेल असं धरू नका; गच्चीवरच्या टाकीतून स्वयंपाकघर आणि बाथरूमच्या लाइनी बऱ्याचदा वेगळ्या उतरतात. डक्टमध्ये, बाथरूमच्या माळ्यावर बघा. बदलायचाच तर पितळी बॉल व्हॉल्व्ह (दांडा पाव फेरा वळवून बंद होणारा) घ्या, पण तोही दर तीन महिन्यांनी बंद-चालू करा.