मदत हवी आहे: कॅनडा स्पाउस स्पॉन्सरशिप, इनलँड की आउटलँड?

नमस्कार मंडळी. लग्नानंतर मी अजून नागपुरातच, धरमपेठेत माहेरी. नवरा कॅनडात ब्रॅम्प्टनला, पीआर (कायमचा रहिवासी) आहे, तो मलाही पीआर मिळावा म्हणून स्पॉन्सर करणार. माझा व्हिजिटर व्हिसा आलाय, तर तो म्हणतो, ये, इनलँड (कॅनडात सोबत राहणाऱ्या जोडीदारासाठीचा अर्ज) टाकू. पण त्यात अर्ज नाकारला तर अपील नाही, शिवाय निकालापर्यंत तिथेच एकत्र राहायचं. इकडे आजीचं ऑपरेशन. मधेच यावं लागलं तर? आउटलँडला (मुळात कॅनडाबाहेरच्या जोडीदारासाठीचा अर्ज) अपील असतं, माझा कल तिकडेच. कॅनडात राहूनही आउटलँड कोणी भरलंय का? वर्क परमिट कधी मिळालं?

लग्न खरं असल्याच्या पुराव्यांचं टेन्शन वेगळंच. लग्नाचे सातशे फोटो, त्यात आम्ही दोघंच असे चार, बाकी सगळीकडे मावश्या! व्हॉट्सअ‍ॅप चॅट सगळं मराठीत. घरच्यांनी केलेलं भाषांतर चालत नाही, मग नागपुरात प्रतिज्ञापत्रासकट कोण करून देतं?